माहितीची पारख

पाठ-परिचय

काही कारणाने शिक्षण मध्येच सुटलेले अनेक स्त्री-पुरुष नोकरी, घर आणि मुलेबाळे सांभाळून पुन्हा शिकू लागतात. अशा प्रौढ विद्यार्थ्यांपुढे दोन अडचणी वारंवार उभ्या राहतात. हवी असलेली माहिती नेमकी कोठे मिळेल, हे त्यांना ठाऊक नसते. आणि मिळालेली माहिती विश्वासार्ह आहे की नाही, हे ठरवता येत नाही. या दोन्ही गोष्टी ज्याला साधतात, त्याला 'माहिती-साक्षर' असे म्हणतात. प्रस्तुत पाठात एका साध्या प्रश्नाच्या आधारे माहिती-साक्षरतेचे स्वरूप समजावून दिले आहे.

१. एक प्रश्न, दोन उत्तरे

दक्षिण दिल्लीत सरोजिनी नगर आणि किदवई नगर यांच्या शेजारी लक्ष्मीबाई नगर नावाची वसाहत आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची ही निवासी वसाहत. सरकारी नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून दिल्लीत आलेली कुटुंबे अशा वसाहतींतून राहत आली आहेत. या वसाहतीत राहणाऱ्या एका विद्यार्थिनीची कल्पना करू. विवाहानंतर तिचे महाविद्यालयीन शिक्षण थांबले होते. मुले मोठी झाल्यावर, वयाच्या चाळिशीत, तिने दूरशिक्षणाने पदवीचा अभ्यास सुरू केला. 'आपण राहतो त्या भागाच्या नावामागील व्यक्ती' या विषयावर तिला एक प्रकल्प लिहावयाचा आहे. वसाहतीला झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांचे नाव आहे. विषय ओळखीचा, नाव तर मराठी घराण्यातले. तेव्हा प्रकल्प एका दिवसात पुरा होईल, असे तिला वाटते.

पहिल्याच वाक्याशी तिची लेखणी थांबते. मुलाच्या मोबाइलवर राणीचा जन्म १९ नोव्हेंबर १८२८ रोजी झाल्याचे दिसते. जुन्या मराठी चरित्राच्या आधारे लिहिलेल्या एका पुस्तकात मात्र १९ नोव्हेंबर १८३५ अशी तारीख आहे. दिवस तोच, महिना तोच. वर्षांत मात्र सात वर्षांचे अंतर. ही सात वर्षे लहान नव्हेत. राणीचा विवाह १८४२ मध्ये झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जन्म १८३५ चा धरला, तर वधू सहा-सात वर्षांची ठरते. १८२८ चा धरला, तर तेरा-चौदा वर्षांची. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना राणीला वीरमरण आले. त्या वेळी तिचे वय एका हिशेबाने बावीस, तर दुसऱ्या हिशेबाने एकोणतीस होते. म्हणजे हा केवळ आकड्याचा प्रश्न नाही. राणीचे जे चित्र मनापुढे उभे राहते, तेच त्यामुळे बदलते.

अशा वेळी विद्यार्थी सहसा तीनपैकी एक मार्ग धरतात. काही जण पहिले दिसलेले उत्तर उतरवून घेतात. काही जण 'बहुतेक ठिकाणी १८२८ लिहिले आहे, म्हणजे तेच खरे', असे म्हणतात. काही जण तारीखच गाळून टाकतात. या तिन्ही मार्गांत एक उणीव समान आहे. यांतील कोणीही 'हे कोणी सांगितले आणि त्याला कसे कळले?' असे विचारत नाही.

२. माहिती-साक्षरता म्हणजे काय?

अक्षरे वाचता-लिहिता येणे म्हणजे साक्षरता. माहितीच्या बाबतीतही अशीच एक पायरी असते. 'माहिती-साक्षरता' या अर्थाची संज्ञा १९७४ मध्ये अमेरिकेतील पॉल झुर्कोव्स्की यांनी प्रथम वापरली. पुढे १९८९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या एका समितीने तिची व्याख्या केली. आपल्याला माहितीची गरज आहे हे ओळखणे, ती माहिती शोधणे, तिचे मूल्यमापन करणे आणि तिचा योग्य उपयोग करणे, ही चार कौशल्ये ज्याच्या अंगी आहेत, तो माहिती-साक्षर, असा त्या व्याख्येचा आशय आहे. युनेस्कोच्या पुढाकाराने २००३ मध्ये प्राग येथे आणि २००५ मध्ये अलेक्झांड्रिया येथे जगभरातील तज्ज्ञ एकत्र आले. आयुष्यभर शिकत राहण्याचा पाया म्हणजे माहिती-साक्षरता, हा विचार तेथे मांडला गेला.

संज्ञा नवी असली, तरी हा विचार आपल्याकडे नवा नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ वापरासाठी असतात आणि प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, हा त्यांतील गाभा. महाराष्ट्रात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. घटनेनंतर पुष्कळ काळाने लिहिलेल्या बखरीपेक्षा त्या वेळचे अस्सल पत्र अधिक विश्वसनीय, हा त्यांचा आग्रह होता. गावोगाव फिरून त्यांनी जुन्या कागदांची दप्तरे तपासली. माहितीचा उगम शोधणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ मराठी वाचकाला त्यांच्या कार्यातून मिळतो.

३. प्रौढ विद्यार्थी: बळ आणि अडचणी

दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाची सोय केली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये दिल्लीत स्थापन झाले. राष्ट्रीय मुक्त विद्यालय आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ या दोन्ही संस्था १९८९ च्या. या संस्थांमुळे वयाची अट न राहता शिक्षणाचे दार अनेकांना उघडे झाले. परंतु नियमित महाविद्यालयात जाणाऱ्या तरुणाला जे सहज मिळते, ते दूरशिक्षण घेणाऱ्या प्रौढाला मिळतेच असे नाही. रोज शिक्षक भेटत नाहीत. ग्रंथालय दूर असते. कोणाला विचारावे, तर 'एवढेही ठाऊक नाही का?' असे कोणी म्हणेल, याचा संकोच वाटतो. संगणकाचा सराव नसेल, तर हा संकोच अधिकच वाढतो.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरोल कुल्थाऊ यांनी विद्यार्थ्यांच्या माहिती शोधण्याच्या प्रवासाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा एक निष्कर्ष प्रौढ विद्यार्थ्यांना धीर देणारा आहे. शोधाच्या आरंभी गोंधळ आणि अनिश्चितता वाटणे, हा त्या प्रक्रियेचा स्वाभाविक भाग असतो. विषय हळूहळू स्पष्ट होत गेला, की आत्मविश्वासही येतो. म्हणजे सुरुवातीचा गोंधळ हे अज्ञानाचे लक्षण नसून शोध सुरू झाल्याची ती खूण असते.

शिवाय प्रौढ विद्यार्थ्यापाशी अनुभवाचे मोठे भांडवल असते. भाजी घेताना गृहिणी चार ठिकाणी भाव विचारते. मुलीचे स्थळ पाहताना घरातील वडीलधारी माणसे दोन-तीन वेगवेगळ्या लोकांकडून चौकशी करतात. मुलाकडच्यांनी स्वतःविषयी सांगितलेलेच तेवढे खरे मानत नाहीत. माहितीची पारख करण्याची रीत हीच. फक्त व्यवहारातील ही सावधगिरी पुस्तकाला, वर्तमानपत्राला आणि मोबाइलच्या पडद्यालाही लावावयाची, एवढे शिकावे लागते.

४. शोध कोठे घ्यावा?

शोध घेण्यापूर्वी प्रश्न नेमका करावा लागतो. 'राणी लक्ष्मीबाईंची माहिती' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'राणीच्या जन्मवर्षाविषयी कोणते आधार आहेत आणि त्यांतील जुना कोणता?' हा प्रश्न झाला. प्रश्न जितका नेमका, तितका शोध सोपा.

त्यानंतर संदर्भग्रंथांकडे वळावे. मराठीत या ग्रंथांची परंपरा समृद्ध आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे 'मराठी विश्वकोशा'चे काम झाले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्वकोशाचे वीस खंड आता संगणकावर आणि मोबाइलवरही विनामूल्य वाचता येतात. दिल्लीत राहणाऱ्या मराठी वाचकाला त्यासाठी वाईला जावे लागत नाही. एखाद्या विषयावर मराठीत कोणती जुनी पुस्तके आहेत, हे पाहावयाचे असल्यास शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' उपयोगी पडते.

सार्वजनिक ग्रंथालय हे प्रौढ विद्यार्थ्याचे हक्काचे ठिकाण. युनेस्कोच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाचे उद्घाटन २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. नवसाक्षर आणि सामान्य नागरिक यांच्यापर्यंत ग्रंथ पोहोचावेत, हा त्यामागील उद्देश होता. लक्ष्मीबाई नगरच्या शेजारी, सरोजिनी नगरातही या ग्रंथालयाची शाखा आहे. ग्रंथपालाला प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. वाचकाला वाट दाखवणे हे त्याचे कामच आहे. याहून पुढे जाऊन मूळ सरकारी कागदपत्रे पाहावयाची असल्यास जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागार आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील कागदपत्रे तेथे जतन केली आहेत आणि त्यांतील पुष्कळशी आता 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावरही पाहता येतात.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावरील लेख कोणालाही लिहिता आणि बदलता येतो. म्हणून तो वाचू नये असे नाही; परंतु त्याला शोधाचा आरंभ समजावे, शेवट समजू नये. लेखाच्या तळाशी दिलेले आधार पाहावेत आणि त्या आधारांपर्यंत स्वतः जावे. ज्या विधानाला आधार दिलेला नाही, ते विधान जपून वापरावे.

५. पारख कशी करावी?

मिळालेल्या माहितीला पाच प्रश्न विचारावेत. ही माहिती कोण देतो? त्याला ती कशी कळली? त्याने ती केव्हा लिहिली? ती देण्यात त्याचा काही हेतू आहे काय? दुसऱ्या स्वतंत्र साधनाशी ती जुळते काय? यांतील 'स्वतंत्र' हा शब्द महत्त्वाचा आहे. एकाचे पाहून दहा जणांनी लिहिले, तर साक्षीदार दहा होत नाहीत, एकच राहतो.

आता हे प्रश्न राणीच्या जन्मतारखेला लावून पाहू.

दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी लिहिलेले राणीचे मराठी चरित्र १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मतिथी म्हणून कार्तिक वद्य १४, शके १७५७ असा उल्लेख या चरित्रपरंपरेत मिळतो. इंग्रजी कालगणनेनुसार तो दिवस १९ नोव्हेंबर १८३५ हा येतो. तिथी, पक्ष, शक असा सगळा तपशील असल्यामुळे ही नोंद पाहताक्षणी पक्की वाटते. तथापि हे चरित्र राणीच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी प्रसिद्ध झाले, हे विसरून चालणार नाही. तपशील नेमका असला म्हणजे तो अचूकच असतो, असे नाही.

दुसरा आधार समकालीन माणसाचा आहे. जॉन लँग नावाचे एक वकील १८५४ मध्ये झाशीला राणीच्या भेटीस गेले होते. गंगाधरराव नेवाळकर यांच्या निधनानंतर दत्तकपुत्राचा वारसा नामंजूर करून कंपनी सरकारने झाशी संस्थान खालसा केले होते. त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी राणीने लँग यांना बोलावले होते. या भेटीचे वर्णन त्यांनी नंतर आपल्या प्रवासवर्णनात केले. राणीचे वय सव्वीस-सत्तावीसच्या आसपास असल्याचे तिच्याच वकिलाने आपल्याला सांगितले होते, असे ते लिहितात. या हिशेबाने जन्म १८२७-२८ च्या सुमाराचा ठरतो. जन्म १८३५ चा असता, तर त्या वेळी राणी अवघी अठरा वर्षांची असती. अठरा आणि सव्वीस यांतील फरक ओळखीच्या माणसाच्या सहज लक्षात येतो. अर्थात ही साक्षही निर्दोष नाही. वय अंदाजाने सांगितलेले आहे, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेले आहे आणि पुस्तक भेटीनंतर काही वर्षांनी आले आहे. तरीही राणीच्या दरबारातील माणसाचे हे सांगणे आहे, म्हणून त्याला वजन आहे.

मग '१९ नोव्हेंबर १८२८' ही सर्वत्र दिसणारी तारीख बिनचूक समजावी काय? येथे साधे गणित उपयोगी पडते. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. १९ नोव्हेंबर १८२८ ते १९ नोव्हेंबर १८३५ या सात वर्षांत २५५६ दिवस होतात. कारण मधले १८३२ हे एकच लीप वर्ष होते. २५५६ ला २९.५३ ने भागले, तर सुमारे ८६.५५ येतात. म्हणजे चंद्राच्या शहाऐंशी पूर्ण फेऱ्या आणि वर अर्धी फेरी. १९ नोव्हेंबर १८३५ हा दिवस वद्य चतुर्दशीचा, म्हणजे अमावास्येच्या तोंडावरचा. त्यामुळे सात वर्षांपूर्वीचा तोच दिवस पौर्णिमेच्या अलीकडचा, शुक्ल पक्षातला ठरतो. तेव्हा 'कार्तिक वद्य चतुर्दशी' आणि '१९ नोव्हेंबर १८२८' या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. दिवस एका परंपरेतून आणि वर्ष दुसऱ्या परंपरेतून घेऊन ही तारीख जुळवली गेली असावी, असे दिसते. ती शेकडो ठिकाणी छापली गेली, म्हणून तिची विसंगती नाहीशी होत नाही.

या शोधातून अंतिम उत्तर मिळाले काय? नाही. परंतु विद्यार्थिनीला आता प्रकल्पात एक प्रामाणिक वाक्य लिहिता येते: 'राणीच्या जन्मवर्षाविषयी मतभेद आहेत. चरित्रपरंपरेत १८३५ हे वर्ष आढळते. जॉन लँग यांच्या समकालीन वर्णनावरून मात्र ते १८२८ च्या सुमाराचे असावे.' हे वाक्य 'जन्म १९ नोव्हेंबर १८२८' या वाक्यापेक्षा लांब आहे आणि कमी ठाम आहे. पण ते अधिक खरे आहे.

६. एकच पुस्तक, दोन आवृत्त्या

पारख करताना पुस्तकाची आवृत्तीही पाहावी लागते. वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक द्रव्यार्जनासाठी १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या धामधुमीत सापडले. इंग्रज सेनापती ह्यू रोझ याने मार्च १८५८ मध्ये झाशीला वेढा दिला, तेव्हा ते झाशीतच होते. डोळ्यांनी पाहिलेली ही हकिगत त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी लिहून काढली. तीच 'माझा प्रवास'. हे पुस्तक भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. परंतु त्यांनी मूळ लेखनात फेरफार केले होते. पुढे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. म्हणून 'माझा प्रवास'मधील एखादा उल्लेख वापरताना तो कोणत्या आवृत्तीतला, हे सांगणे आवश्यक ठरते. गोडसे प्रत्यक्ष साक्षीदार होते, हे त्यांचे बळ. पंचवीस वर्षांनी आठवून लिहिले, ही त्यांची मर्यादा. चांगला वाचक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवतो.

राणीवर कादंबऱ्या आहेत, कविता आहेत, चित्रपटही आहेत. वृंदावनलाल वर्मा यांची हिंदी कादंबरी १९४६ मध्ये आली आणि महाश्वेतादेवींचे बंगाली चरित्र १९५६ मध्ये. कादंबरी मनाला भिडते, ते तिचे कामच आहे. पण तिच्यातील संवाद इतिहास म्हणून उतरवून घेता येत नाहीत. तसेच 'राणीचे खरे छायाचित्र' म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांचे. चित्र कोणी काढले, मूळ प्रत कोठे आहे, याचा पत्ता लागत नसेल, तर ते चित्र पुरावा होत नाही.

७. पुस्तकाबाहेरील पारख

जन्मतारीख चुकली, तर फार तर दोन गुण जातील. पण हीच सवय नसेल, तर प्रौढ विद्यार्थ्याची वर्षे आणि कष्टाचे पैसे जाऊ शकतात. 'एका वर्षात पदवी', 'परीक्षा न देता प्रमाणपत्र' अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर दिसतात. विश्वविद्यालय अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याने पदवी देण्याचा अधिकार ठरावीक संस्थांनाच आहे. कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच पदवी देता येते. आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो आणि तीत दिल्लीतील पत्तेही असतात. दूरशिक्षणाची मान्यता असलेल्या संस्थांची यादीही आयोगाकडे मिळते. शुल्क भरण्यापूर्वी या दोन याद्या पाहण्यास अर्धा तास लागतो. हा अर्धा तास न दिल्यामुळे हाती आलेले प्रमाणपत्र नोकरीच्या दारात निरुपयोगी ठरू शकते. संस्थेने स्वतःच्या माहितीपत्रकात 'मान्यताप्राप्त' असे छापणे म्हणजे मान्यता नव्हे. मान्यता देणाऱ्याकडे विचारणे म्हणजे पारख.

माहिती सरकारी कार्यालयात असेल आणि ती मिळत नसेल, तर कायद्याचे साहाय्य घेता येते. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. केंद्र सरकारच्या कार्यालयाकडे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. येथेही तोच नियम: प्रश्न नेमका असेल, तर उत्तरही नेमके मिळते.

अलीकडे आणखी एक साधन हाती आले आहे. प्रश्न विचारताच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे संगणक सफाईदार मराठीत उत्तर लिहून देतो. कठीण उतारा सोपा करून घेण्यासाठी किंवा विषयाची रूपरेषा समजून घेण्यासाठी त्याचा उपयोग होतो. परंतु ही यंत्रणा कधी कधी अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांची नावेही तितक्याच आत्मविश्वासाने सांगते. म्हणून तिने सांगितलेला ग्रंथ ग्रंथालयाच्या सूचीत आहे का, त्यात ते विधान आहे का, हे स्वतः पाहिल्याशिवाय प्रकल्पात घेऊ नये. भाषेची सफाई हा सत्याचा पुरावा नव्हे.

माहिती वापरताना ती कोणाकडून घेतली, हेही नोंदवावे. दुसऱ्याची वाक्ये स्वतःची म्हणून लिहिणे हा अप्रामाणिकपणा आहे. मूळ लेखकाचे नाव, ग्रंथाचे नाव, आवृत्ती आणि पृष्ठ वहीत त्याच क्षणी टिपून ठेवले, तर पुढे धावपळ होत नाही. असे श्रेय दिल्याने आणखी एक लाभ होतो: वाचकाला मूळ ग्रंथापर्यंत जाऊन आपले म्हणणे तपासता येते.

८. समारोप

लक्ष्मीबाई नगरातील विद्यार्थिनीचा प्रकल्प एका दिवसात झाला नाही. त्याला काही आठवडे लागले. तेवढ्या काळात ती ग्रंथालयात जाऊ लागली, विश्वकोशातील नोंद वाचू लागली आणि एकाच घटनेविषयी दोन ग्रंथ वेगळे का बोलतात, याचा विचार करू लागली. घरी मोबाइलवर एखादा घाबरवणारा संदेश आला, की तो चार जणांना पाठवण्याआधी ती विचारू लागली, 'हे कोणी सांगितले? त्याला कसे कळले?' पदवीचे प्रमाणपत्र मिळण्यास अवकाश आहे. परंतु शिक्षणाचे एक मोठे फळ तिच्या हाती आधीच आले आहे.

शब्दार्थ

पारख – खरे-खोटे, चांगले-वाईट ओळखण्याची शक्ती. समकालीन – त्याच काळातील. अस्सल – मूळ, बनावट नसलेले. बखर – जुन्या मराठी गद्यातील इतिहासकथन. खालसा करणे – संस्थान सरकारजमा करणे. विसंगती – मेळ नसणे. अभिलेखागार – जुनी सरकारी कागदपत्रे जतन करण्याचे ठिकाण.

स्वाध्याय

१. माहिती-साक्षर व्यक्तीच्या अंगी असणारी चार कौशल्ये लिहा.

२. 'एकाचे पाहून दहा जणांनी लिहिले, तर साक्षीदार एकच राहतो.' या विधानाचे स्पष्टीकरण आपल्या अनुभवातील उदाहरण देऊन करा.

३. जॉन लँग यांची साक्ष कोणत्या कारणांनी महत्त्वाची ठरते आणि तिच्या मर्यादा कोणत्या?

४. राणी लक्ष्मीबाईंच्या मृत्यूची तारीख काही ग्रंथांत १७ जून, तर काहींत १८ जून १८५८ अशी आढळते. पाठातील पाच प्रश्नांच्या साहाय्याने या मतभेदाचा शोध घ्या आणि दहा ओळी लिहा.

५. उपक्रम: आपण राहतो त्या गल्लीला, वसाहतीला किंवा गावाला पडलेल्या नावाची माहिती किमान दोन स्वतंत्र साधनांतून मिळवा. त्यांत कोठे मेळ बसतो आणि कोठे बसत नाही, ते नोंदवा.